तरुण मुलं काय पितात आणि का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर मूल शिकायला बाहेर पडलं की जेवणाच्या आधी त्याचं पिणं बदलतं. घरी सकाळी कपभर चहा नाहीतर दूध घेणारी मुलं वर्षभरात टपरीचा चहा, कोल्ड कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक आणि कधी बिअर अशी मजल मारतात. आईवडील, प्राध्यापक, होस्टेलचे रेक्टर आणि खुद्द मुलं याबद्दल जे प्रश्न विचारत असतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं बरीचशी पुण्याची आहेत, कारण लातूर, जळगाव, सोलापूर, गडचिरोली अशी कुठून कुठून आलेली १८ ते २५ वयाची मुलं इथे घराबाहेर राहतात.

निवड नक्की कशावर ठरते? चवीवर की जाहिरातीवर?

दोन्हींचा वाटा आहे, पण वाटतो त्यापेक्षा कमी. मुलांशी बोलताना, त्यांच्यासोबत बसताना पुन्हा पुन्हा एकच दिसतं. आधी ठरतं कोणासोबत बसायचं, मग कुठे बसायचं, आणि त्या ठिकाणी जे मिळतं ते प्यायलं जातं. वर्गातला ग्रुप टपरीवर जाणारा असेल तर मुलगा चहा पिऊ लागतो, जिममधले मित्र मिळाले तर प्रोटीन शेक, प्रोजेक्टचा ग्रुप कॅफेत बसणारा असेल तर कोल्ड कॉफी. त्यानंतर खिसा येतो, मग फ्रिजमध्ये डोळ्यांसमोर काय ठेवलंय ते येतं. चव तर सवयीने लागते. पहिल्यांदा कडू कॉफी किंवा बिअर तोंडात घेतलेल्या कोणालाही विचारा.

आरोग्याची माहिती या रांगेत सगळ्यात शेवटी उभी असते. मुलांना माहिती नसते असं अजिबात नाही. कोलात साखर आहे हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण पाच जणांनी पाच चहा सांगितल्यावर सहाव्याने "मला नुसतं पाणी" म्हणायला जे बळ लागतं, ते माहितीतून येत नाही. पुढची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

माझा मुलगा घरी चहाला हात लावत नव्हता. पुण्याला अभ्यासाला गेला आणि आता दिवसाला सहा-सात कप पितो. असं का झालं?

तो स्पर्धा परीक्षेची तयारी करत असेल तर त्याचा दिवस कसा जातो ते आधी पाहू. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात अभ्यासिका एकमेकींना लागून आहेत. आत हातभर रुंदीचं टेबल, दोन्ही बाजूंना प्लायवूडचा आडोसा, बोलायला बंदी. सकाळी सातला बसलेला मुलगा साडेनऊला मान वर करतो तेव्हा त्याला सगळ्यात जास्त गरज असते ती कोणाशी तरी दोन शब्द बोलण्याची. शेजारच्याला तो डोळ्यांनी खूण करतो, दोघं जिना उतरतात आणि समोर टपरी असते.

टपरीवर दहा-पंधरा मिनिटं उभं राहता येतं. पितळी भांड्यात आलं ठेचून टाकलेलं असतं, वेलदोड्याचा वास येत असतो, चहावाला नावानिशी ओळखतो, महिनाअखेरीला वहीत लिहूनही ठेवतो. जाहिरात निघाली का, कट ऑफ किती लागेल, गावाकडे पाऊस झाला का, मेसवाल्याने दर का वाढवले, सगळं तिथेच बोललं जातं. निकाल लागला नाही त्या दिवशी मित्र तिथेच घेऊन येतात आणि लागला त्या दिवशी पेढेही तिथेच वाटले जातात. तो सहा कप पितो म्हणजे सहा वेळा माणसांत येतो. चहा सोड म्हणून फोनवर सांगताना हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण चहा सोडायचा तर टपरीही सोडावी लागते आणि एकटं राहणाऱ्या मुलाला ते फार महागात पडतं.

त्यातून मार्ग आहे. टपरीवरचा कप छोटा असतो, त्यातलं कॅफिन मोठ्या कपापेक्षा कमी भरतं. कमी साखरेचा चहा मागितला तर बहुतेक अमृततुल्यवाले वेगळा करून देतात, किंवा दोघांत एक कटिंग घेता येतं. जाणं तसंच राहतं, पोटात जाणारी साखर निम्म्यावर येते.

मुली टपरीवर कमी का दिसतात? त्यांच्या आवडी वेगळ्या असतात का?

आवडीत फारसा फरक नसतो, फरक जागेत असतो. टपरी म्हणजे रस्त्याच्या कडेला उभं राहणं, शेजारी सिगारेट ओढणारे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा. पुण्या-मुंबईत आता मुलींचे ग्रुप निवांत टपरीवर उभे दिसतात आणि ते पाहून बरं वाटतं, पण तालुक्याच्या गावी आजही एकट्या मुलीने टपरीवर चहा घेतला तर चर्चा घरापर्यंत पोचते. म्हणून मुली कॅफे, ज्यूस सेंटर, आइस्क्रीम पार्लर निवडतात. तिथे बसायला खुर्ची असते, दार असतं, आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह असण्याची शक्यता असते.

याच्याच पुढची गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत गंभीर वाटते, आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. कॉलेजातलं स्वच्छतागृह घाणेरडं असतं, एसटी स्टँडवरचं वापरण्यासारखं नसतं, म्हणून असंख्य मुली सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत पाणीच पीत नाहीत. दप्तरातली बाटली भरलेली जाते आणि जवळजवळ भरलेलीच परत येते. यातून लघवीचा संसर्ग होतो, उन्हाळ्यात डोकं दुखतं, चक्कर येते. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्री-संघटनांनी सार्वजनिक मुताऱ्यांसाठी जी चळवळ चालवली, तिचा पेयांशी थेट संबंध आहे. मुलीला "पाणी पीत जा" असं सांगण्याआधी तिच्या कॉलेजातलं स्वच्छतागृह एकदा बघून या.

एका कॉफीला दोनशे-अडीचशे रुपये! ही मुलं पैशाची किंमत विसरलीत का?

ती बसायच्या जागेचं भाडं देत असतात. खोलीत चार जण, मेसमध्ये जेवण झालं की उठा, बागेत संध्याकाळी गर्दी आणि रात्री कुलूप. वीस वर्षांच्या मुला-मुलीला दोन तास निवांत बोलायला, मुलाखतीची तयारी करायला किंवा लॅपटॉप लावून काम करायला शहरात दुसरी जागा कुठे आहे? कॅफे कॉफी डेने १९९६ साली बेंगळुरूत पहिलं दुकान उघडलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एक कप घेऊन तासन् तास बसायची सवय आपल्याकडच्या शहरांना लावली. ऑक्टोबर २०१२ मध्ये स्टारबक्स टाटांसोबत मुंबईत हॉर्निमन सर्कलला आलं तेव्हा बाहेर रांगा लागल्या. त्याआधी हेच काम इराण्याच्या हॉटेलांनी केलं. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ पासून चालू आहे. बनमस्का आणि चहावर तिथे पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी बसले.

मात्र कॅफेतलं पेय हातात घेऊन फोटो टाकणं हा नवा भाग आहे. पारदर्शक ग्लासातले थर, वर क्रीम, पेल्यावर लिहिलेलं नाव हे सगळं दिसण्यासाठीच घडवलेलं असतं. गावाकडून आलेल्या मुलाला पहिल्यांदा तिथे मेनू वाचताना दडपण येतं, आणि ते गेल्यावर आपण शहरात रुळलो असं त्याला वाटतं. या भावनेला हसू नये. पण तीच भावना महिन्याचे किती पैसे नेते याचा हिशेब मुलांनी स्वतः एकदा मांडावा, कारण कोल्ड कॉफीतल्या आइस्क्रीम आणि साखरेकडे कोणाचं लक्ष जात नाही, तसंच तिच्या किमतीकडेही दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर जात नाही.

किंमत किती परिणाम करते?

फार मोठा, विशेषतः छोट्या गावांत. दहा आणि वीस रुपये हे दोन आकडे कोल्ड्रिंक कंपन्यांनी बरोबर ओळखले आहेत, कारण तेवढे सुटे मुलाच्या खिशात असतातच. पेप्सिकोचं स्टिंग २०१७ साली भारतात आलं. त्याआधी एनर्जी ड्रिंक म्हणजे शंभरच्या आसपासचा कॅन आणि श्रीमंताघरची चैन होती. स्टिंग वीस रुपयांच्या प्लास्टिकच्या बाटलीत आल्यावर ते पानाच्या गादीपर्यंत पोचलं. रिलायन्सने २०२२ मध्ये कॅम्पा हा जुना ब्रँड विकत घेतला आणि २०० मिलिलिटरची बाटली दहा रुपयांना बाजारात आणली, त्यानंतर इतरांनाही छोट्या बाटल्यांकडे वळावं लागलं.

आता शेजारी पाण्याची किंमत ठेवून पाहा. लिटरभर पाण्याची बाटली साधारण वीस रुपयांना, कोल्ड्रिंकची छोटी बाटली तेवढ्यालाच किंवा त्याहून कमी. तहानलेला मुलगा दुकानात उभा असताना त्याला कोल्ड्रिंकमध्ये "काहीतरी मिळाल्यासारखं" वाटतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गोड कार्बोनेटेड आणि कॅफिनयुक्त पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. कर असूनही बाटली लहान करून जुना आकडा टिकवता येतो, आणि मुलगा आकडा पाहूनच बाटली उचलतो.

एनर्जी ड्रिंक धोकादायक आहे का? हे जागरणासाठी प्यावं का?

आधी बाटली हातात घ्या आणि पुढचं चित्र सोडून मागची बाजू वाचा. बारीक अक्षरांत तीन गोष्टी सापडतील. पहिली, त्यात कॅफिन जास्त असल्याची सूचना. दुसरी, लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, तसंच कॅफिन न सोसणाऱ्यांनी हे घेऊ नये ही सूचना. तिसरी, दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरण म्हणजे एफएसएसएआयच्या नियमानुसार अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असावं लागतं. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३६ ते ७५ मिलिग्रॅम. हा आकडा एक-दोन कप चहाएवढाच आहे, मग एवढा गोंधळ कशाला, असं मुलं विचारतात आणि प्रश्न योग्य आहे.

अडचण पिण्याच्या पद्धतीत आहे. गरम चहा घोट घोट घेतला जातो, थंडगार गोड बाटली दोन मिनिटांत संपते. दिवसभरात चार चहा आधीच झालेले असतात, त्यांच्यावर रात्री दहाला ही बाटली पडते. वर साखर असते ती वेगळीच. कॅफिन थकवा घालवत नाही. दिवसभरात मेंदूत साठत जाणारं ॲडेनोसिन झोपेची सूचना देतं, त्या सूचनेचा रस्ता कॅफिन अडवून ठेवतं. घेतलेलं कॅफिन अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाची बाटली पहाटे तीनलाही अर्धी अंगात असते. मुलगा दोनला झोपला तरी झोप उथळ लागते, सकाळी पाठ केलेलं आठवत नाही, आणि आळस घालवायला पुन्हा चहा. परीक्षेच्या आठवड्यात हे चक्र चार दिवस चाललं की छातीत धडधड, हात थरथरणं आणि पित्त घेऊन मुलं दवाखान्यात येतात.

जुलै २०२४ मध्ये राज्याचे तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिनची पेयं विकायला बंदी आणण्याची घोषणा केली होती. शाळकरी मुलांसाठी अशी बंदी मला योग्य वाटते. वीस वर्षांच्या मुलाला मात्र बंदीपेक्षा झोपेचं गणित समजावून सांगणं उपयोगी पडतं, कारण त्याला मार्क हवे असतात आणि हे गणित थेट मार्कांशी जोडलेलं आहे.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगतो. एनर्जी ड्रिंक दारूत मिसळून पिऊ नका. चढलेली दारू कॅफिनमुळे कमी चढल्यासारखी वाटते, रक्तातली मात्र तेवढीच असते. मग माणूस आणखी पितो आणि गाडीची किल्ली हातात घेतो.

चहा-कॉफी किती चालेल?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनी दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगितली आहे. १५० मिलिलिटरच्या एका कपाला फिल्टर कॉफीत ८० ते १२०, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम असा त्यांचा हिशेब आहे.

त्याच पुस्तिकेतली दुसरी सूचना मला जास्त महत्त्वाची वाटते. जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा-कॉफी टाळा. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह पुरेसं अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. होस्टेलच्या मेसमध्ये आधीच पातळ भाजी आणि दोन पोळ्या, त्यावर लगेच चहा. मुलींनी एवढी एक वेळ बदलली, जेवणावर लिंबू पिळून घेतलं, तरी फरक पडतो.

जाहिराती आणि रील्स पाहूनच मुलं बिघडतात, हे खरं का?

एखादं पेय पहिल्यांदा चाखायला रील लावते, रोज प्यायला लावत नाही. माचाचं उदाहरण ताजं आहे. जपानी हिरव्या चहाची ही पूड गेल्या काही वर्षांत इन्स्टाग्रामवरून जगभर इतकी पसरली की जपानमध्ये तिचा तुटवडा पडला. पुण्यात कोरेगाव पार्कातल्या कॅफेत मुली माचा मागवतात, फोटो काढतात, आणि त्यातल्या अनेक जणी दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फिल्टर कॉफीवर येतात.

खरा परिणाम होतो तो शब्दांचा. ‘हेल्थ’, ‘एनर्जी’, ‘इलेक्ट्रोलाइट’, ‘रिअल फ्रूट’. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली. त्याच वर्षी जूनमध्ये एफएसएसएआयने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं छापायला मनाई केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ओआरएस’ हा शब्द नावात वापरणाऱ्या गोड पेयांवर बंदी आली. त्यामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षं चालवलेला लढा होता. जुलाब झाल्यावर औषधाच्या दुकानातून गोड पेय आणून पिणारी मुलं होस्टेलवर मी पाहिली आहेत. त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण खोक्यावर तीन मोठी अक्षरं तशीच छापलेली होती.

फळांच्या पेयांबद्दल एक नियम लक्षात असू द्या. ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणून विकायला त्यात किमान १० टक्के फळाचा रस पुरतो. बाकी पाणी आणि साखर.

साखर नको म्हणून मी झिरो कोला पिते. हे तरी बरं ना?

साध्या कोलात १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपासच राहावी. त्या मानाने झिरो बरा. पण मे २०२३ मध्ये याच संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर अवलंबून राहू नका, असा सल्ला दिला. अधूनमधून प्यायला हरकत नाही. पाण्याऐवजी मात्र नको.

ताक, कोकम, पन्हं, उसाचा रस एवढं सगळं असताना मुलं कोला का घेतात?

हा प्रश्न वडीलधारे फार कळकळीने विचारतात आणि त्यांची कळकळ मला पटते. पण ताक दुपारी अडीचला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये थंड आणि बंद पाकिटात मिळतं का? अमूल, कात्रज, चितळे यांचं मिळतं तिथे मुलं ते घेतातच. मे महिन्यात तर दुपारपर्यंत संपतं. कोकम सरबत कोकणातल्या प्रत्येक घरी असतं, पण दापोलीहून पुण्याला आलेल्या मुलाला ते आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, बाटलीतून स्वतः करून घ्यावं लागतं आणि होस्टेलच्या खोलीत फ्रिज नसतो. पन्ह्याचा हंगाम दोन महिन्यांचा. आपली पेयं घरात आईच्या हातून मिळत होती, घर सुटलं की ती सुटली.

जिथे आपल्या पेयाला बसायची जागा आहे, तिथे ते टिकलंय. रसवंतीगृह पाहा. नवनाथ नाहीतर कानिफनाथ असं नाव, लाकडी बाकडी, घाण्याला बांधलेल्या घुंगरांचा आवाज, आलं-लिंबू घातलेला रस आणि उन्हातून येऊन बसायला सावली. पुरंदर तालुक्यातल्या कुटुंबांनी ही रसवंतीगृहं गावोगावी नेली आणि कॉलेजची मुलं उन्हाळ्यात तिथे अजूनही गर्दी करतात. कोल्हापुरात गंगावेशीचा दूध कट्टा तसाच. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, मुलगा समोर उभा राहतो, धार थेट पेल्यात पडते, वर बोटभर फेस येतो आणि ओठावर मिशी घेऊनच पेला परत जातो. तालमीतल्या पोरांची ही रीत आता इंजिनिअरिंगच्या मुलांचीही झाली आहे. पोषणाच्या बाजूने सांगायचं तर कच्च्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, उकळलेलंच सुरक्षित. पण त्या कट्ट्यावर तरुण मुलं रात्री मैदानावरून येऊन दूध पितात, हे पाहिल्यावर तरुणांना देशी पेय नको असतं ही समजूत गळून पडते.

उसाच्या रसातही साखर भरपूर आहे, हे सांगून ठेवतो. तो रोज नको.

होस्टेलवर सगळेच दारू पितात म्हणे. माझ्या मुलाने नाही म्हटलं तर तो एकटा पडेल का?

सगळे पितात ही समजूतच मुलांना प्यायला लावते. वर रक्तक्षयासाठी सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातच देशातले १५ वर्षांवरचे साधारण १९ टक्के पुरुष आणि १ टक्का स्त्रिया दारू पितात असं आढळलं. शहरी कॉलेजातलं प्रमाण वेगळं असू शकेल, पण "सगळे" कुठेच नसतात. जो पितो त्याचा आवाज मोठा असतो, त्याचे फोटो असतात, दुसऱ्या दिवशी त्याचीच गोष्ट सांगितली जाते. न पिणारे खोलीत झोपलेले असतात आणि त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, त्याहून कडक दारूसाठी २५, आणि वर परवाना लागतो. गोव्यात अट १८ आहे, म्हणून पहिली बिअर गोव्याच्या ट्रिपमध्ये घेणाऱ्यांची संख्या मोठी. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. तिथून आलेल्या मुलाला शहरात हा सगळा प्रकार एकदम समोर येतो आणि नाही म्हणायची सवय झालेली नसते.

नाही म्हणायला हातात काहीतरी असलं की सोपं जातं. सोडा-लिंबू घेऊन बसलेल्या मुलाला फारसं कोणी आग्रह करत नाही. रिकाम्या हाताने बसलेल्याला करतात. शिवाय मित्रांना सुखरूप घरी सोडायची जबाबदारी घेणारा एक जण ग्रुपला लागतोच, आणि त्याचा मान राहतो.

जात, धर्म, घरचे संस्कार यांचा आता काही संबंध उरलाय का?

उरलाय. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह शहरातली मोठी मंडळी गेली होती. तिथे चहा-बिस्किटं दिली गेली, उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात आली आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तर साध्या पाण्यासाठी होतं. कोणी, कुठे, कोणाच्या हातचं प्यायचं यावर इथे माणसं जोखली गेली आहेत.

टपरीवर एकाच किटलीतून सगळ्यांच्या पेल्यात चहा पडतो आणि कोणी आडनाव विचारत नाही. ज्या गावात हॉटेलबाहेर वेगळा कप ठेवलेला आजोबांनी पाहिला, तिथून आलेल्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नाही. टपरीचं तरुणांना जे आकर्षण आहे, त्यात या मोकळेपणाचाही भाग आहे असं मला मनापासून वाटतं. रमजानमध्ये रोजा असलेल्या मित्रासाठी संध्याकाळपर्यंत थांबणारे ग्रुप आणि श्रावणात बिअरचा बेत पुढे ढकलणारेही मी पाहतो.

आम्ही पालकांनी काय करावं?

फोनवर "काय प्यायलास" विचारण्यापेक्षा "कोणाबरोबर बसतोस" विचारा. घरी आल्यावर त्याच्या आवडीचं ताक, सोलकढी करा, पण सोबत व्याख्यान नको. परत जाताना आगळाची बाटली, सातूचं पीठ, चांगली स्टीलची पाण्याची बाटली द्या. पैसे पाठवत असाल तर महिन्याचा हिशेब त्यालाच मांडू द्या.

कॉलेजला काही करता येईल का?

कॉलेजला सगळ्यात जास्त करता येईल. पिण्याच्या पाण्याचा कूलर चालू आणि स्वच्छ ठेवा, त्याची टाकी धुतल्याची तारीख वर लिहा. मुलींचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं करा. कॅन्टीनच्या फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर ताक आणि लिंबू सरबत ठेवा, कोला खालच्या कप्प्यात. हे फ्रिज बऱ्याचदा कोल्ड्रिंक कंपनीनेच दिलेले असतात आणि आत काय, कुठे ठेवायचं तेही तीच सांगते, तेव्हा फ्रिज कॉलेजने स्वतःचा घ्यावा. वाचनालय बंद झाल्यावर बसायला चार बाकं आणि दिवा असलेली एक जागा द्या. तिथे मुलं घरून आणलेला डबा आणि पाणी घेऊनही बसतील, कारण बसायला पैसे पडणार नाहीत.

मला स्वतःलाच कमी करायचंय. सुरुवात कुठून करू?

एका दिवसात सगळं बंद करू नका. रोजचं कॅफिन एकदम तोडलं की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, चिडचिड होते, आणि माणूस पुन्हा टपरीवर जातो. आधी संध्याकाळी पाचनंतरचा चहा-कॉफी थांबवा, आठवडाभर एवढंच. मग साखर अर्ध्या चमच्याने उतरवा. जेवणानंतरचा कप तासभर पुढे ढकला. कोला रोज घेत असाल तर तो घरात आणून ठेवू नका, प्यायचाच झाला तर बाहेर जाऊन छोटी बाटली घ्या. धडधड, सतत जळजळ, झोप न लागणं किंवा दारूशिवाय न राहवणं असं काही असेल तर मित्रांचा सल्ला बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.